फरजानाभाबीची सावड

गावाचं नाव मी सांगणार नाही. आमचे तेव्हाचे सरपंच खुशालराव अजून हयात आहेत, तब्येतीनं खणखणीत आहेत आणि रोज सकाळी आमच्याच ओट्यासमोरून फिरायला जातात. एवढं सांगते की गाव अकोट तालुक्यात, पूर्णा नदीच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात आहे. जमीन काळीभोर, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, हाती लागतं ते खारंच. मी मोर्शीची, संत्र्याच्या बागांमधली. लग्न होऊन आले त्या दिवशी चहाचा पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, सासूबाईंनी साखरेच्या जागी चुकून मीठ घातलं. मी तसं बोलूनही दाखवलं. सासूबाई, म्हणजे पार्वताबाई, म्हणाल्या, "साखर मी टाकली व माय, मीठ देवानं टाकलं. आता पी चुपचाप."

हे सांगायचं कारण म्हणजे फरजानाभाबी. गयासुद्दीनभाई पिंजाऱ्याची बायको. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. ती वस्ती पिंजारी, मजूर आणि सुतारांची मिळून होती. गावातल्या प्रत्येक नव्या नवरीची गादी गयासुद्दीनभाईंच्या हातची असायची, माझीही त्यांनीच भरली. पुढे त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, खाऱ्या पाण्याचा थेंब पोटात जाता कामा नये. सांगायला काय जातं! गोडं पाणी होतं अकोट रस्त्यावरच्या फाट्याला, एका नळावर. भाबी सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून रोज फाट्यावर जायची आणि भरलेली सायकल ढकलत परत यायची. चालवायला तिला येतच नव्हती. एका उन्हाळ्यात तो नळही आटला, आठवडाभर गयासुद्दीनभाईंना गावचंच पाणी प्यावं लागलं आणि त्यांचे पाय, तोंड सगळं सुजलं. अकोल्याला नेऊन कसंबसं वाचवलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी काहीतरी झालं पाहिजे, नाहीतर आपला माणूस जातो, एवढं भाबीला कळून चुकलं होतं.

ग्रामपंचायतीत ती गेली ती खुशालरावांच्याच कृपेनं. नाल्यापलीकडची जागा बाईसाठी राखीव झाली होती. खुशालरावांना अशी बाई हवी होती जी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फरजानाभाबी त्यांना सोयीची वाटली. हिशेब पक्का होता, फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आमच्याकडे बाई निवडून आली की सभेला तिचा नवरा जातो. भाबीचा नवरा खाटेवर. त्यामुळे सभेला तिलाच जावं लागलं.

पहिल्याच मासिक सभेचा किस्सा मला नत्थुजीनं सांगितला. नत्थुजी म्हणजे पंचायतीचा शिपाई, चहा त्याचाच आणि गावात दवंडीही त्याचीच. चहा झाला, सह्या झाल्या, सदस्य चपला शोधू लागले. भाबी बसूनच.

"भाबी, झाली मिटिंग," खुशालराव म्हणाले.

"झाली? काय ठरलं?"

"ठरलं ना सारं."

"मी त इथीच बसून होती. मले काहून ऐकू नाई आलं?"

नत्थुजी म्हणतो, त्या दिवशी चहाची दुसरी फेरी करावी लागली.

ती वर्षं आमच्या भागाची वाईट होती. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. दर पंधरवड्याला कोणतं तरी पथक गाड्या घेऊन यायचं. कुणी दिल्लीचं, कुणी मुंबईचं. प्रत्येक जण विचारायचा, गावात मेले किती? जिवंत माणसं पाणी कुठलं पितात, हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांच्यासाठी चहा आमच्याच घरून जायचा आणि ते एक घोट घेऊन कप तसाच ठेवून जायचे.

पण त्याच काळात एक चांगली गोष्ट झाली. डोंगराकडच्या धरणातून नळानं गोडं पाणी आणायची योजना आमच्या गावापर्यंत मंजूर झाली. दिल्लीनं हो म्हटलं, मुंबईनं हो म्हटलं, अकोल्याच्या जिल्हा परिषदेनं हो म्हटलं. एवढ्या लांबून पाणी यायला निघालं आणि येऊन थांबणार होतं ते आमच्या नाल्याच्या अलीकडे. गावात पाइप कुठून कुठे टाकायचा हे गावानं ठरवायचं होतं. खुशालरावांनी जो नकाशा केला होता त्यात पाइप रस्त्यानं येऊन मारुतीच्या पारावरून वळत होता आणि थेट त्यांच्या नव्या प्लॉटांकडे जात होता. त्या प्लॉटांवर तेव्हा फक्त बाभळी होत्या.

भाबीनं विचारलं, "नाल्यापल्याड?"

"दुसऱ्या टप्प्यात, भाबी."

"दुसरा टप्पा कधी?"

"ते सरकार ठरवल."

"अन् पयला टप्पा कोनं ठरवला?"

खुशालराव हसले. हसणं त्यांचं फार गोड. म्हणाले, "पयला ग्रामसभा ठरवल ना. पुढच्या मयन्यात हाये. मांडा तुमी तिथी. लोकशाई हाये, भाबी, कोनी तुमचं तोंड धरलं काय?"

आता हे हसू समजण्यासाठी आमची ग्रामसभा समजली पाहिजे. कायद्यानं सभेला शंभर माणसं हवीत. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला माणसांची अटच नसते. पाच टाळकी जमली तरी ठराव पास. ही वाट ज्याला सापडली त्याला मी मानते. आमच्याकडे सभेची दवंडी व्हायची ती माणसं वावरात गेल्यावर. सभा भरायची भर सकाळी, कामाच्या वेळी. शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरायची, चार म्हाताऱ्यांना बसवायचं, अर्धा तास घड्याळ पाहायचं आणि ग्रामसेवक ओमप्रकाशनं "तहकूब" म्हणायचं. मग पंचायतीच्या खोलीत दार लोटून गावाचं भविष्य ठरायचं. माझ्या लग्नानंतर एकही ग्रामसभा पहिल्या बैठकीत पुरी झाली नव्हती. ग्रामसभा म्हणजे तहकूबच होणारी गोष्ट, असं गावानंही धरून चाललं होतं.

आणि ही सभा होती दिवाळीनंतर, ऐन वेच्यात, म्हणजे कापसाच्या वेचणीत. कापूस फुटून बोंडाबाहेर लोंबत असतो. त्या दिवसांत बाया तांबडं फुटायला कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून वावरात असतात. एक दिवस चुकला आणि अवकाळी आला तर पांढरं सोनं काळं पडतं. अशा दिवसांत शंभर माणसं सभेला आणायची म्हणजे खायचं काम नव्हतं.

भाबी घरोघर फिरू लागली. पुरुषांनी "हो हो, येऊ ना" म्हटलं. पुरुषांचं हो म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. काही जण खुशालरावांच्या शब्दाबाहेर नव्हते, काहींना वाटायचं आपण नाल्याच्या अलीकडे आहोत, आपल्याला काय करायचं. भाबीला भरवसा होता बायांचा, कारण पाणी बायाच आणतात. पण बायांना वेचा होता.

ती आमच्या ओसरीवर आली तेव्हा मी आणि सासूबाई सरकी निवडत होतो. भाबी म्हणाली, "मावशी, तुमी अन् आरती, दोघीही सभेत पायजे."

सासूबाईंची जीभ म्हणजे विळाच. "सभेत बसून माह्यं वावर कोन वेचते व? खुशालराव वेचते काय?"

"मी वेचते."

"तू?"

"मी. तुमी मले एक सकाळ द्या, मी तुमाले एक सकाळ देईन. सावड धरा माह्याशी."

सासूबाईंचा हात थांबला. सावड आमच्याकडे सगळ्यांना कळते. माझ्या वावरात तू एक दिवस राबायचं, तुझ्या वावरात मी एक दिवस राबायचं. त्यात कागद नाही, साक्षीदार नाही, आणि सावड बुडवणाऱ्या बाईच्या वावरात पुन्हा कुणी पाय ठेवत नाही. पेरणीची सावड होते, निंदणीची होते, वेच्याची होते. सभेला बसायची सावड कुणी ऐकली नव्हती.

"साऱ्या गावच्या बायांशी धरशीन?" सासूबाईंनी विचारलं.

"जिनं जिनं हो म्हटलं तिच्याशी."

"मरशीन व पोरी वेचून वेचून."

"पानी आलं की मरीन," भाबी म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

मी खरं सांगते, मला तो वेडेपणा वाटला. भाबीला वेचणं येतच नव्हतं. पिंजाऱ्याच्या घरी कापूस येतो तो वेचून, सरकी काढून. बोंडात बोट घालायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. पण बायांना ती गोष्ट पटली. "या" म्हणून हात जोडणारे त्यांनी खूप पाहिले होते, बदल्यात काही कबूल करणारी ही पहिलीच. आणि तिनं पैसे कबूल केले नव्हते की साडी. घाम कबूल केला होता.

दुर्गाबाईनं मात्र तिला पेचात धरलं. दुर्गाबाई मजुरी करणारी, वावर नाही, वाडी नाही. म्हणाली, "मी दुसऱ्याच्या वावरात जाते रोजानं. मले वावरच नाई, माह्यी सावड कशी फेडशीन?"

"तुह्या घरच्या गाद्या पिंजून देईन."

"माह्या घरी गादी! वा व! गोधड्या हायेत फाटक्या."

"मंग गोधड्याईत पिंजलेला कापूस भरून शिवून देईन. तू ये फक्त."

कापूस पिंजायचं पिंजण गयासुद्दीनभाईंचं. बायकांनी ते धरायचं नाही, अशी त्यांच्यात रीत. पण भाबीनं त्यांना विचारलं आणि त्यांनी खाटेवरून नुसती होकाराची मान डोलावली, असं तिनंच मला सांगितलं.

सभेचा दिवस उजाडला. बाया आल्या. काहींच्या कमरेला ओटी तशीच बांधलेली, सभा झाली की परस्पर वावरात जायच्या तयारीनं. मी आणि सासूबाई निघालो तेव्हा आमच्या गल्लीतून एवढ्या बाया एकदम चालल्या होत्या की नत्थुजीनं विचारलं, कुणाकडे लग्न आहे काय.

आणि शाळेच्या फाटकाशी येऊन आम्ही सगळ्या थांबलो.

भाबीनं सगळं बघितलं होतं, एवढी एक गोष्ट बघितली नव्हती. पटांगणात सावली होती ती फक्त शाळेच्या भिंतीला. पुरुष त्या भिंतीला पाठ लावून, आमच्याकडे तोंड करून बसले होते. मोकळी जागा होती ती त्यांच्या पुढ्यात. त्यात कुणाचे सासरे, कुणाचे भासरे म्हणजे थोरले दीर, कुणाचे चुलतसासरे. आमच्या घरांमधून सून सासऱ्यासमोर बसत नाही. उभी राहील, वाढील, पदर ओढून बाजूला होईल, पण त्यांच्या डोळ्यांपुढे मांडी घालून बसणार नाही. माझे सासरे वामनराव अगदी मधोमध, भिंतीला टेकून, टोपी नीट करून बसलेले. सोळा वर्षं त्या घरात काढली, मी त्यांच्यासमोर कधी पाटावरसुद्धा बसले नव्हते. भाबीच्या वस्तीत ही रीत एवढी कडक नव्हती, त्यामुळे तिच्या डोक्यातच आलं नाही. ती पुढे जाऊन बसली होती आणि वळून आमच्याकडे पाहत होती.

"या ना व बाया! काहून थांबल्या?"

कुणी हललं नाही. आम्ही फाटकाबाहेर, कुंपणाला लागून, पदर दातात धरून उभ्या. मला रडू यायला लागलं होतं. एवढं चालून आलो आणि आता चार हात जागा ओलांडवत नव्हती.

खुशालरावांना हे बरोबर कळलं. ते ओमप्रकाशला म्हणाले, "मोजा."

ओमप्रकाशनं मोजलं. शंभराला पुष्कळ कमी होते.

"बाहेर बाया हायेत ना!" भाबी म्हणाली. "त्या मोजा!"

"भाबी, सभेत बसलेली मानसं मोजा लागते. रस्त्यावर उभी असलेली नाई. रस्त्यावर त म्हशीही उभ्या हायेत." पुरुष हसले. खुशालरावांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास वाट पाहू. नियम म्हणजे नियम."

भाबी उठून आमच्याकडे आली. तिनं एकेकीचा हात धरला. दुर्गाबाईसुद्धा आत जायला तयार नाही. तिचा म्हातारा सासरा कोपऱ्यात बिडी विझवून बसला होता. "समदं करीन," ती म्हणाली, "पन हे नाई होत व. त्याईच्या तोंडासमोर नाई बसवत." भाबी माझ्याकडे आली. मी मान खाली घातली. तिला दुसऱ्या कुणी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं, पण माझ्यावर तिचा जीव होता.

ती वळली आणि सरळ माझ्या सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"काकाजी," ती म्हणाली, "तुमच्या सुनेले तुमच्या तोंडासमोर बसता येत नाई. बराबर हाये, मोठ्याईचा मान हाये तो. मी तिले रीत तोड नाई म्हनत. तुमी तोंड फिरवा."

"आँ?" सासरे म्हणाले.

"भितीकडे तोंड करून बसा. मंग त्या तुमच्या तोंडासमोर नाई होत."

कुणीतरी खो खो हसलं. खुशालराव म्हणाले, "भाबी, हे काय नाटक लावलं? म्हाताऱ्या मानसाले भितीकडे तोंड कराले सांगता? शाळेतली शिक्षा हाये काय?"

सासरे हळू माणूस. वावरात नांगराचं तास वाकडं गेलं तरी आधी बैलाकडे पाहणार, मग आकाशाकडे आणि मग बोलणार. ते फाटकाकडे पाहत होते. आम्ही उन्हात उभ्या होतो. तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाईंचा आवाज आला आणि तो अख्ख्या पटांगणानं ऐकला.

"फिरा ना वो! भित काय खाते काय तुमाले?"

चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्या सासऱ्यांना असं पहिल्यांदा बोलल्या. सासऱ्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग गुडघ्यावर हात देऊन जागेवरच वळले आणि भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले. भिंतीवर बाराखडी रंगवलेली होती. त्यांच्या नाकासमोर कमळाचा 'क' आला.

"सून उन्हात उभी राह्यल्यापरीस मी कमय पाह्यतो," ते भिंतीला म्हणाले.

त्यांच्या शेजारचे म्हातारे वळले. मग दुर्गाबाईचा सासरा. मग एकामागून एक. काही चिडून, काही हसत, काहींना शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर. थोड्याच वेळात गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाठी आमच्याकडे आणि तोंडं बाराखडीकडे. सासूबाई पुढे झाल्या, पुरुषांच्या पाठीमागे मांडी घालून बसल्या आणि माझा हात धरून मला खाली ओढलं. "बस. पाय दुखून राह्यले माह्ये." माझ्यामागून दुर्गाबाई आली आणि मग सगळ्या आल्या. सतरंजी पुरली नाही. आम्ही मातीत बसलो.

"आता मोजा," भाबी म्हणाली.

ओमप्रकाशनं खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव म्हणाले, "ही काय सभा हाये? अर्ध्या मानसाईचं तोंड भितीकडे!"

"बसलेली मानसं मोजा म्हनले ना तुमी? तोंड कोनतीकडे पायजे ते नाई म्हनले."

ओमप्रकाश वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. पण दीडशे बाया समोर बसल्या असताना शंभर नाहीत असं लिहायला वेगळीच छाती लागते. त्यानं मोजलं आणि म्हणाला, "गणपूर्ती झाली." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आजूबाजूच्या बायांनीही पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण दुर्गाबाईनं मला विचारलं, "कोनाचा गनपती?"

मग भाबी बोलली. भाषण नव्हतंच ते. तिनं सांगितलं, माझा माणूस खाऱ्या पाण्यानं चालला. तुमचेही जातील, कोणाचे आज, कोणाचे दहा वर्षांनी. नाल्यापल्याड माणसं राहतात, प्लॉटांवर बाभळी. पाइप आधी माणसांकडे न्या. बाभळीला खारं पाणी चालते. एवढं बोलून ती बसली.

हात वर करायला सांगितलं तेव्हा आमचे हात वर गेले. आणि पुढे भिंतीशी म्हाताऱ्यांचेही गेले, तोंड न वळवता, बाराखडीकडे पाहतच. माझ्या सासऱ्यांनी तर दोन्ही हात वर केले. ओमप्रकाशनं त्यांचा एकच धरला.

ठराव झाला म्हणून पाणी आलं असं कुणी समजू नये. ठराव अकोटला गेला, अकोटहून अकोल्याला गेला, तिथे निजला. पुढचा उन्हाळा भाबीनं पुन्हा सायकलवर काढला, फाट्याचा नळ आटला तेव्हा त्याच्याही पुढच्या गावापर्यंत जाऊन. कंत्राटदार आला, त्यानं नाल्यापर्यंत पाइप टाकला आणि पुलाचं अंदाजपत्रकात नाही म्हणून निघून गेला. त्यावर पुन्हा ग्रामसभा, पुन्हा ठराव. खुशालरावांनी सभेच्या वेळा बदलून पाहिल्या, जागा बदलून पाहिल्या. दर वेळी बाया आल्या, आणि वडीलधारे आता कुणी न सांगताच भिंत शोधून बसायचे. नवीन साहेब आला की त्याला समजावून सांगावं लागायचं.

बाया येत राहिल्या, कारण भाबी सावड फेडत राहिली. फाट्यावरून पाणी आणलं की ओटी बांधून कुणाच्या ना कुणाच्या वावरात हजर. वेचण्यात ती इतकी मंद होती की आमच्या दोन ओळी व्हायच्या तेव्हा तिची पाऊण. बोटं बोंडाच्या काट्यांनी रक्ताळायची. बाया तिची यथेच्छ टर उडवायच्या. "भाबी, कापूस वेचून राह्यली का बोंडाले मालिश करून राह्यली?" तीही हसायची, पण थांबायची नाही. दुपारनंतर मजूर बायांच्या गोधड्या. अंगणात पिंजण वाजायचं ते ऐकून वाटायचं गयासुद्दीनभाई बरे झाले. एकदा आमच्या वावरात मीच तिला म्हटलं, "भाबी, आता पुरे. कुणी काही म्हणत नाही. सोडलं आम्ही."

ती माझ्यावर अशी उखडली की काय सांगू. "तू सोडनारी कोन? मी नाई फेडली त उद्या काय म्हनतीन? फरजाना आपल्या पान्यासाठी बाया घेऊन गेली, काम झालं अन् घरी बसली. मंग दुर्गाबाईच्या राशनचा वांधा निघाला त तिच्यासाठी कोन येईन सभेत? फेडली की पुढं मांगता येते. सावड अशी चालू राहा लागते." आणि राशनचा वांधा खरंच निघाला, त्या सभेला भाबी सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती.

पाणी आलं दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात. नाल्यावरून पाइप गेला, वस्तीच्या तोंडाशी एक नळ उभा राहिला. उद्घाटनाला कुणी यायचं होतं, हार आणले होते, खुशालरावांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. पण वस्तीतल्या कुणीतरी सकाळीच तोटी फिरवली आणि पाणी सुरू झालं. मी सासूबाईंना घेऊन धावत गेले. गयासुद्दीनभाईंना खाटेसकट आणून नळाजवळ ठेवलं होतं. ते फार वाळले होते, पण होते.

भाबीनं पहिला ग्लास भरून त्यांच्यापुढे धरला. ते घेईनात.

"पहले तू," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळून, आमच्यासाठी मराठीत म्हणाले, "इतके वरीस इनं माह्यासाठी पानी आनलं. कॅनमधलं एक घोट इनं कधी घेतलं नाई. लेकराईलेही देल्लं नाई. म्हने, तुमाले पुरलं पायजे."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी किती वेळा तिच्या घरी गेले होते. मला, मोर्शीच्या पोरीला, ती कॅनमधलंच पाणी द्यायची आणि मी घटाघटा पिऊन टाकायची. स्वतः ती माठातलं खारंच पीत होती, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं. सासूबाईंनी मला ओरडण्याऐवजी स्वतःच डोळ्यांना पदर लावला.

भाबीनं ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. नळाखाली धरून पुन्हा भरला, पुन्हा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून कुडत्यावर सांडत होतं. तिसरा ग्लास पिताना तिला ठसका लागला तरी तिनं ग्लास खाली घेतला नाही.

"बस कर, फरजाना," गयासुद्दीनभाई म्हणाले. "पेट दुखेगा."

"दुखने दो," ती म्हणाली आणि चौथा ग्लास भरायला वाकली.